बाडापासून पुस्तकापर्यंत

लिहिणारे पुष्कळ आणि छापले जाणारे थोडे, अशी मराठीतली स्थिती शंभर-सव्वाशे वर्षं होती. आता छापले जाणारेही पुष्कळ झाले आहेत. तरी आपण ‘प्रकाशित’ लेखक आहोत की नाही, ही धाकधूक कमी झालेली दिसत नाही. ज्याचं पुस्तक निघालं तो आणि ज्याचं बाड कपाटात राहिलं तो, या दोघांत फरक कशाचा? कसबाचा, चिकाटीचा, जातीचा, गावाचा, ओळखीपाळखीचा, की खिशातल्या पैशाचा? या प्रश्नावर मराठीत सलग असा वाद झालेला नाही. संपादकांच्या आठवणी, लघुनियतकालिकांतली टिपणं, दलित आत्मकथनांवरची चर्चा, संमेलनाच्या मांडवाबाहेरची भांडणं यांतून तो तुकड्यातुकड्यानं होत आला. ते तुकडे क्रमानं लावून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

एक अडचण आधीच सांगायला हवी. नाकारल्या गेलेल्या लेखनापैकी आपल्याला ठाऊक असतं ते पुढे कधीतरी छापलं गेलेलंच. जे खरोखर बुडालं, त्याच्या बाजूनं साक्ष द्यायला कुणी उरत नाही. त्यामुळे ‘चांगलं लेखन शेवटी वर येतंच’ असं म्हणणारे आणि ‘कितीतरी चांगलं लेखन दडपलं गेलं’ असं म्हणणारे, दोघेही वर आलेल्याच पुस्तकांची उदाहरणं देतात. वादात दोन्ही बाजूंना इतका आत्मविश्वास का असतो, त्याचं हे एक कारण असावं.

दक्षिणेपासून दिवाळी अंकापर्यंत

नकाराची एक जुनी नोंद खुद्द लेखकानंच करून ठेवली आहे. पेशवाईतल्या दक्षिणेच्या पैशातून इंग्रजी अमदानीत मराठी ग्रंथांना बक्षिसं दिली जात आणि पुस्तकं निवडण्यासाठी दक्षिणा प्राइझ कमिटी होती. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे पाठवलं. ते नाकारलं गेलं. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त लिहिलं. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडलं. लेखक एवढा मोठा नसता आणि त्यानं स्वतः लिहून ठेवलं नसतं, तर हे हस्तलिखित कुणी शोधलंही नसतं.

याच फुल्यांच्या बाबतीतली दुसरी घटना जरा वेगळी आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ची सुरुवातीची प्रकरणं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’त आली आणि पुढची छापायचं थांबलं. हे पत्र सत्यशोधकांच्याच गोटातलं. म्हणजे नकार नेहमी विरोधकांकडूनच येतो असं नाही. पत्र चालवण्याची काळजीही नकार देते.

छापलं गेलं म्हणजे टिकलं, असंही नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापलं गेलं आणि विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ मध्ये पुन्हा वाचकांसमोर आणलं. मधली नव्वदेक वर्षं ताराबाई ‘प्रकाशित’ होत्या असं म्हणायचं का? उलट केशवसुत आणि बालकवी यांच्या हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही, पण मासिकांतून त्यांची कविता लोकांनी वाचली, काहींनी वहीत उतरवून घेतली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लेखकाला लेखक करायचं ते मासिकच. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि नवीन नावाला वर्षातून एकदा तरी दार उघडं मिळण्याची सोय झाली.

प्रकाशक ही स्वतंत्र मतं असलेली व्यक्ती नंतर पुढे आली. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावानं ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये निघालं तेव्हा गदारोळ झाला. लेखिका कोण, हे ह. वि. मोटे यांनी बाहेर फुटू दिलं नाही. प्रकाशकानं हा धोका पत्करला नसता तर या टोपणनावामागच्या मालतीबाई बेडेकर तेव्हा लिहित्या राहिल्या असत्या का, हा प्रश्न रास्त आहे.

‘सत्यकथे’ची कसोटी

पहिली प्रमुख भूमिका संपादकांची. थोडक्यात ती अशी: फरक लेखनाचाच असतो. त्यातही पहिल्या खर्ड्याचा नसतो, शेवटच्या खर्ड्याचा असतो. लिहिणं अनेकांना जमतं, लिहिलेल्याकडे परक्या नजरेनं पाहून ते पुन्हा लिहिणं फार थोड्यांना जमतं. अप्रकाशित राहतो तो बहुतेक वेळा पहिल्यालाच शेवटचं मानणारा.

या भूमिकेची सर्वांत ठसठशीत प्रयोगशाळा म्हणजे ‘सत्यकथा’. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या हाताखालून गेलेल्या कथांच्या हकिकती आता दंतकथेसारख्या सांगितल्या जातात. आलेली कथा ‘साभार परत’ होई किंवा तिच्याबरोबर लांबलचक पत्र येई: शेवट घाईनं उरकला आहे, अमुक पात्राचं बोलणं लेखकाचं वाटतं, मधला परिच्छेद लागतो का ते बघा. लेखक ती पुन्हा लिहून पाठवी, पुन्हा पत्र येई. काही कथांचं हे येणं-जाणं महिनोन् महिने चाललं. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर, जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेला ‘नवकथा’ म्हणून जे रूप आलं त्यामागे लेखकांची प्रतिभा होतीच, पण ती पारखणारं आणि तिच्याशी हुज्जत घालणारं एक टेबलही होतं.

हे टेबल फक्त गिरगाव-दादरच्या लेखकांसाठी होतं, हा आरोप पुरता टिकत नाही. आनंद यादवांची ‘गोतावळा’ आणि रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ या दोन्ही कादंबऱ्या १९७१ च्या आणि दोन्ही ‘सत्यकथा’ काढणाऱ्या मौज प्रकाशनाच्या. कागल आणि मराठवाड्यातलं बोलणं, शेती आणि शिवणकाम मौजेच्या मुद्रणप्रतीत आलं ते तिथल्या संपादकांना त्याची किंमत कळली म्हणूनच.

मग आक्षेप उरतो तो कसला? पत्र कुणाला लिहायचं हे कोण ठरवतं, याचा. दुसऱ्या खर्ड्याची संधी ज्याला मिळते त्याच्या पहिल्या खर्ड्यात संपादकाला ओळखीचं काहीतरी दिसलेलं असतं. संपूर्ण अनोळखी लेखन कच्चं आहे की वेगळ्या जातीचं आहे, हे चांगल्या संपादकालाही लगेच सांगता येत नाही. संपादकीय भूमिकेकडे याचं नेमकं उत्तर नाही. ‘अपवाद घडतात’ एवढंच ती म्हणते.

दार कुणाचं

दुसरी भूमिका इथून सुरू होते. १९५० च्या दशकाच्या मध्यावर अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ काढलं. पुढच्या दशकात अशोक शहाणे यांचं ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांचं ‘वाचा’, शिवाय ‘येरू’, ‘फक्त’, ‘विद्रोह’ अशी कमी पानांची, कमी आयुष्याची नियतकालिकं आली. १९६९ मध्ये राजा ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली आणि ‘सत्यकथे’चा अंक जाळला गेला. कृती टोकाची होती, पण तिच्यामागचा युक्तिवाद साधा होता: अभिरुची निःपक्ष नसते. ज्यांच्या घरात पुस्तकं होती, ज्यांची बोली हीच प्रमाणभाषा, त्यांच्याच लेखनाला ‘दर्जा’ चटकन चिकटतो.

दलित साहित्यानं हा युक्तिवाद पुस्तकांनिशी मांडला. बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चं, नामदेव ढसाळांचं ‘गोलपिठा’ १९७२ चं. औरंगाबादहून गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं आणि त्याचे लेखक-वाचक मेळावे भरवले. ग्रंथालीनं वाचकांनाच सभासद करून घेतलं आणि दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये, लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये काढलं. नवे लेखक अचानक जन्माला आले नव्हते; त्यांच्यासाठी वेगळी वाट तयार झाली होती.

मात्र ‘गोलपिठा’ला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती, ही बारीक गोष्ट दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं सांगतात. एकीला त्यात गुणग्राहकता दिसते, दुसरीला पांढरपेशा वाचकापर्यंत जायला लागणारा परवाना.

या भूमिकेतली सर्वांत बोलकी साक्ष मला बेबीताई कांबळे यांची वाटते. फलटणला दुकान सांभाळता सांभाळता त्या लिहीत होत्या आणि लिहिलेलं नवऱ्यापासून, मुलापासून लपवत होत्या. असं वीसेक वर्षं चाललं. त्यांच्या वह्यांना कुणी ‘साभार परत’ म्हटलं नव्हतं. त्या कुणाच्या टेबलापर्यंत गेल्याच नव्हत्या. फलटणमध्ये शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांना हे लेखन कळलं, त्यांनी ते बाहेर काढायला लावलं, मग ते ‘स्त्री’ मासिकात क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. संपादकानं नाकारणं हा अप्रकाशित राहण्याचा एकच प्रकार आहे, आणि बहुधा तो लहान प्रकार आहे. पाठवलंच न जाणं हा त्याहून मोठा.

बहिणाबाई चौधरी यांना तर अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरच्यांनी टिपून ठेवली, त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभरात, १९५२ मध्ये, संग्रह निघाला. मुलगा कवी नसता तर? या प्रश्नाला एक आकडा जोडून पाहावा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानं महाराष्ट्रभर फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून जास्त भरली. त्या रचणाऱ्या आणि गाणाऱ्या बायकांपैकी साहित्याच्या इतिहासात नावानिशी किती आल्या, ते आपण जाणतो.

एवढं सांगून या भूमिकेची मर्यादाही सांगितली पाहिजे. लघुनियतकालिकांनीही निवड केलीच, नकार दिलेच. त्यांची अभिरुची बंडखोर होती तरी अभिरुचीच होती. आणि प्रकाशितांच्या आतही आणखी एक रेघ असते, तिच्याबद्दल दोन्ही बाजू बराच काळ गप्प होत्या. हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबुराव अर्नाळकर घराघरांत वाचले गेले. ‘फकिरा’ लिहिणाऱ्या अण्णा भाऊ साठे यांची पुस्तकं बसस्टँडवर आणि जत्रेत खपली. ते अप्रकाशित कधीच नव्हते. समीक्षेनं त्यांना लेखक म्हणायला मात्र वेळ लावला.

ओळख, वेळ आणि स्वभाव

तिसरं मत कुणी लेख लिहून मांडत नाही, पण लेखक आपसात बोलतात तेव्हा तेच ऐकू येतं: योग्य माणूस योग्य वेळी भेटावा लागतो. पंचविशीतल्या नेमाड्यांना रा. ज. देशमुख भेटले आणि दोनेक आठवड्यांत लिहून झालेली ‘कोसला’ १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीनं काढली. असा प्रकाशक न भेटता त्या काळी ती कादंबरी कुठे गेली असती, सांगणं कठीण आहे. पण नशिबाला जितकं श्रेय दिलं जातं तितकं द्यावं का? भेटीच्या वेळी हातात देण्यासारखं काही असावं लागतं, आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला अशा भेटींचे योग जास्त येतात. म्हणजे नशिबाचा मुद्दा उकलला की त्यातून पुन्हा आधीचेच दोन मुद्दे निघतात.

स्वभावाचा भाग मात्र वेगळा मोजला पाहिजे. न छापणं ही काहींची निवडही असते. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ ची, त्याआधी इंग्रजी ‘जेजुरी’; त्यानंतर मराठीत जवळजवळ पाव शतक संग्रह नाही. ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’, ‘द्रोण’ ही सगळी पुस्तकं २००४ मधल्या मृत्यूच्या आगेमागे, अशोक शहाण्यांच्या ‘प्रास’ प्रकाशनाकडून आली. मधल्या काळात कोलटकर लिहीतच होते. त्यांना प्रकाशक मिळत नव्हता असं कुणी म्हणणार नाही.

पैसा, ग्रंथालय आणि क्रमांक

आता व्यवहाराकडे येऊ. गेल्या दोन-तीन दशकांत चित्र सर्वांत जास्त इथेच बदललं आहे.

हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हा मराठीतला जुना प्रघात. खिळ्यांची जुळणी, ब्लॉक, कागद यांचा खर्च निघायचा तर तेवढ्या प्रती लागत, आणि म्हणून प्रकाशक दहादा विचार करी. डीटीपी आणि डिजिटल छपाईनं हे गणित मोडलं. आता आवृत्ती पाचशेची, तीनशेची, मागणीनुसार पन्नासचीही निघते. पुस्तक छापणं स्वस्त झालं तसा प्रकाशकाचा धोका कमी झाला आणि नकार देण्याचं कारणही कमी झालं.

दुसरा धागा ग्रंथालयांचा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांचं जाळं वाढत १२ हजारांच्या आसपास पोचलं. मराठी पुस्तकाचा हा मोठा, काही प्रकाशकांच्या बाबतीत मुख्यच, गिऱ्हाईक. त्यामुळे पुस्तक वाचकाला आवडेल का, यापेक्षा ते शासनमान्य यादीत बसेल का आणि किती टक्के सवलतीत देता येईल, हे प्रश्न काही ठिकाणी आधी विचारले जाऊ लागले. अनुदान उशिरा आलं की त्या वर्षी नव्या नावांना थांबावं लागतं.

तिसरा धागा प्राध्यापकांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत बढतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आली आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला त्यात गुण मिळू लागले. हा क्रमांक म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारे आकडे. भारतात तो सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो आणि पुस्तकाच्या गुणवत्तेशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण गुणांची गरज निर्माण झाली तशी ती भागवणारी प्रकाशनंही निर्माण झाली.

या तिन्हींतून जो व्यवहार रुळला तो उघड गुपितासारखा आहे: लेखकानं छपाईचा खर्च द्यायचा किंवा ठरावीक प्रती विकत घ्यायच्या. कवितेच्या बाबतीत तर हे जवळजवळ गृहीतच. याला ‘पैसे देऊन लेखक होणं’ म्हणून हिणवलं जातं. इथे घाई करू नये असं मला वाटतं. स्वखर्चानं छापणं मराठीला नवं नाही, लघुनियतकालिकं पदरमोडीवरच चालली. बोचतं ते पैसे घेणं नव्हे. पैसे घेऊनही हस्तलिखित कुणी वाचलेलं नसतं, मुद्रितशोधन झालेलं नसतं, आणि लेखकाला पन्नास प्रती आणि सत्काराचा फोटो यापलीकडे हाती काही लागत नाही, ते बोचतं.

सरकारी मार्ग दोन आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकाला हात देते. साहित्य अकादमीची नवोदय योजना पस्तिशीच्या आतल्यांचं पहिलं पुस्तक काढते. या मार्गानं आलेल्या अनेकांची पहिली पुस्तकं कुठल्याही ओळखीशिवाय निघाली, हे त्यांचं श्रेय. पहिल्या पुस्तकानंतर तोच लेखक पुन्हा एकटा पडतो, ही मर्यादा.

पडद्यावरचे लेखक

२०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपीसारख्या मंचांवर मराठीत क्रमशः कथा लिहिणाऱ्यांत गृहिणी, नोकरदार, लहान गावांतल्या मुली मोठ्या संख्येनं आहेत. एकेका भागाला वाचकांच्या प्रतिक्रिया त्याच दिवशी येतात. ई साहित्य प्रतिष्ठान वाचकांना पुस्तकं फुकट पोचवतं. स्टोरीटेलनं २०१७ पासून श्राव्य पुस्तकांत मराठीला मोठी जागा दिली आणि छापील पुस्तक नसलेल्यांकडूनही मालिका लिहून घेतल्या. यांना अप्रकाशित म्हणायचं तर कोणत्या हिशेबानं? काही दिवाळी अंकांपेक्षा त्यांचे वाचक जास्त असतील. तरीही यातल्या बऱ्याच जणांना शेवटी कागदावरचं पुस्तक हवं असतं. पुरस्कार, अभ्यासक्रम, परीक्षणं, संमेलनातली निमंत्रणं अजून पुस्तकावरच ठरतात. संमेलनाच्या कविकट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत ताटकळणारे आणि मुख्य मंचावर खुर्ची असलेले, यांच्यातलं अंतर पडद्यानं मिटवलेलं नाही.

काय ठरायचं आहे

सगळ्या भूमिका एकमेकींशेजारी ठेवल्या तर एक गोष्ट त्या सगळ्यांत सापडते, पण तिला कुणी केंद्रस्थानी ठेवत नाही. प्रकाशित झालेल्या जवळजवळ प्रत्येक नावामागे एक दुसरा वाचक उभा आहे: पटवर्धन, पानतावणे, सोपानदेव, बर्नसन, रा. ज. देशमुख, शहाणे. त्यातला प्रत्येकजण संपादक नव्हता. पण प्रत्येकानं बाड पुरतं वाचलं, आणि वाचून स्वस्थ बसला नाही. कसबवादी म्हणतात तो दुसरा खर्डा याच्यामुळे होतो. समाजवास्तवावर बोट ठेवणारे म्हणतात ते दार बंद राहतं तेव्हा हाच माणूस वाटेत नसतो. माझ्या मते रेघ इथे आहे. हे मत सर्वांना पटेल असं नाही. चिकाटीनं पन्नास ठिकाणी पाठवणाऱ्याचा वाटा त्यात कमी धरला जातो, हा आक्षेप योग्यच आहे.

उरलेले प्रश्न अवघड आहेत. बोलीतलं, बिनघाटाचं, अनोळखी लेखन आणि नुसतंच कच्चं लेखन यांत फरक करायची रीत अजून कुणाला सापडलेली नाही. ज्या-त्या वेळी माणसाच्या कानावर विसंबावं लागतं. वाचकसंख्या ही कसोटी मानली तर अर्नाळकरांना न्याय मिळतो आणि कोलटकरांवर अन्याय होतो. संपादकाची नजर मानली तर उलट.

आणि शेवटचा प्रश्न सर्वांत रोकडा आहे. ‘सत्यकथे’मागे खटाववाडीतला मौजेचा स्वतःचा छापखाना होता, ग्रंथालीमागे आगाऊ पैसे भरणारे सभासद होते, लघुनियतकालिकांमागे नोकरी करून पदरमोड करणारे मित्र होते. हस्तलिखित नीट वाचण्याचा वेळ कुणीतरी, कुठून तरी भागवत होतं. आज प्रकाशनसंस्थेत पूर्णवेळ संपादक ठेवणं थोड्यांनाच परवडतं. मंचाला मजकूर संपादित करण्यात रस नाही, कारण मजकूर जितका जास्त तितकं त्याला बरं. अनुदान छपाईला मिळतं, संपादनाला नाही. काही नवे प्रकाशक संपादनाचं शुल्क लेखकाकडून वेगळं आणि उघडपणे घेऊ लागले आहेत. ज्याला ते देणं शक्य नाही त्याचं बाड कोण वाचणार, हे त्यांनाही अजून सांगता आलेलं नाही.